वासाचा रकाना

निकितानं झाकण उचलून प्लेट सरांच्या नाकाखाली धरली, आणि बिरदेव सरांच्या लक्षात आलं की तिथं काहीच नाही. कमी वास नव्हे, वेगळा वास नव्हे, काहीच नाही. भिंतीला नाक लावावं तसं. भिंतीलाही चुन्याचा येतो. पाठीमागं एम.एस्सी.च्या सहा मुली ओढण्या नाकाला लावून उभ्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काय घाण वास यायलाय गं," आणि सगळ्या माना मागं घेऊन हसल्या. म्हणजे वास होता. खोलीभर होता, सहा ओढण्यांतून आरपार जात होता, फक्त सरांच्या नाकाशी येऊन परत फिरत होता. "सांगा की सर," निकिता म्हणाली, "ई. कोलाय का सुडोमोनास?" तिच्या दुसऱ्या हातात जर्नल होतं, जर्नलात तक्ता होता, आणि तक्त्यात जिवाणूंच्या वसाहतीचा रंग, कड, चकाकी यांच्यानंतर 'वास' नावाचा रकाना होता. हा रकाना कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. प्लेटला नाक लावू नये, असंच पहिल्या प्रकरणात लिहिलेलं असतं. परभणीतल्या या कॉलेजात मात्र तो चोवीस वर्षांपासून होता, कारण बिरदेव सर झाकण जरासं उचलत, डोळे मिटत आणि सांगत. सुडोमोनास म्हणजे द्राक्षं, जरा उतरलेली. ई. कोलाय म्हणजे न झाडलेला वाडा, त्यात रात्रभर मेंढरं बसलेली. दोन दिवसांनी रासायनिक चाचण्या येऊन तेच सांगत, आणि मुलं त्यांना 'नाकवाले सर' म्हणत. मूल्यांकन समितीसाठी यंदा जी फाइल तयार झाली होती तिच्यात 'संस्थेच्या उत्तम प्रथा' या सदरात दोन नंबरवर 'गंधाधारित अध्यापन' असं छापलेलं होतं. एक नंबरवर वृक्षारोपण होतं. त्यातली झाडं वाळून गेली होती, पण फोटो हिरवे होते.

"ई. कोलाय," सर म्हणाले.

आवाज बरोबर लागला. निकितानं शाईनं लिहिलं. ताडकळसहून सकाळची बस धरून येणारी मुलगी, खाडाखोड तिला आवडत नसे. पेन्सिलनं लिहीत जा म्हणून सांगूनही ती शाईनंच लिही. सर हात धुवायला वळले आणि साबण नाकापाशी नेला. साबण ओला होता, गार होता, गुलाबी होता. एवढंच.

त्या दिवशी त्यांनी पुष्कळ गोष्टींचा वास घेतला. स्टाफरूममधला चहा, फिनेलची बाटली, खडूची पेटी, आणि इतिहासाचे दिनकरराव, जे सकाळी अत्तराचा फाया कानात खोचून येत आणि ज्यांच्या जवळ बसायला कुणी धजत नसे. सर जाऊन त्यांच्या अगदी शेजारी बसले. दिनकरराव इतके खूश झाले की त्यांनी बद्धकोष्ठावरचा नवा इलाज सांगितला. सरांचं बद्धकोष्ठ ही कॉलेजातली सार्वजनिक बाब होती. अकरा वर्षांपासून ते इसबगोल घेत, आणि प्रत्येक विभागाचा त्यावर स्वतंत्र अभिप्राय होता. "पोट साफ तर माणूस साफ," दिनकरराव म्हणाले. सरांनी मान हलवली आणि मान हलवता हलवता ते मधेच थांबले, कारण दोन गोष्टी आजवर वेगवेगळ्या खोल्यांत बसलेल्या होत्या आणि आत्ता, दिनकररावांच्या शेजारी, त्यांची भेट झाली. नाक आणि पोट. वर्गात हे त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून दिलं होतं. कंपवाताचा माणूस हात हलायला लागला की डॉक्टरकडे जातो, पण आजार त्याच्या कितीतरी आधी येऊन बसलेला असतो. आधी वास जातो, आधी पोट जड होतं, आणि हे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं आधी. मग दिनकररावांनी विचारलं, "काय झालं हो?" आणि सर म्हणाले, "काही नाही. इसबगोल संपलंय."

सरांच्या बापाचा हात नऊ वर्षांपासून हलत होता.

घरी बायकोनं, बबितानं, जवसाची चटणी कुटली होती. ती म्हणाली, "लसूण जास्त झाला का बघा बरं." सर म्हणाले, "नाही, बरोबर आहे," आणि हे खोटं नव्हतं, कारण लसूण नव्हताच; जिभेवर तिखट होतं, खारट होतं, आणि मधे एक मोकळी जागा होती. करोनात गेला होता वास, ते आठवून त्यांना थोडं बरं वाटलं. मग आठवलं की तो तीन आठवड्यांत परत आला होता, आणि आल्या दिवशी त्यांनी हिंगाची डबी इतक्या वेळा उघडली होती की बबितानं ती वरच्या फळीवर ठेवून दिली. मग हा कधी गेला? परवा? दिवाळीत? मागल्या उन्हाळ्यात? गेलेली वस्तू गेल्यावर कळते म्हणावं, तर तेही नाही. ही गेली आणि जागेवर स्वतःची एक नक्कल ठेवून गेली. फोडणी दिसली की डोक्यात फोडणीचा वास आपोआप वाजायचा, जुन्या कॅसेटसारखा. प्लेटवरच्या वसाहतीचा आकार बघून आपण वास ओळखत होतो की वासावरून वसाहत, हे त्यांना आता ठरवता येईना. गेलं वर्षभर आपण बहुधा नुसते नाक लावून उभे होतो.

निकिताला प्रकल्पाचा विषय त्यांनीच दिला होता, आणि तो देताना ते अगदी निर्धास्त होते. ई. कोलाय, म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या आतड्यात सुखानं नांदणारा जिवाणू, स्वतःभोवती प्रथिनाचे बारीक चिवट तंतू विणतो. कर्ली म्हणतात त्याला; त्यांच्या आधारानं तो भिंतीला चिकटून राहतो. अॅमिलॉइड जातीचं प्रथिन, वाकडी घडी पडलेलं. कंपवातात मेंदूच्या पेशींत जे प्रथिन गोळा होतं तेही असंच वाकड्या घडीचं, आणि वाकडी घडी शेजाऱ्याला शिकवता येते. एक वाकला की दुसरा वाकतो. म्हणून काही लोकांना शंका आहे की पहिली वाकडी घडी पोटातच पडत असेल, आतड्यातल्या जिवाणूच्या तंतूला बघून, आणि तिथून पोटाला मेंदूशी जोडणाऱ्या लांब नसेनं ती वरवर चढत जात असेल. उंदरांत तसं दिसलंय. माणसांत ठरलेलं नाही. हे शेवटचं वाक्य सर प्रत्येक बॅचला दोनदा सांगत आणि मुली ते चौकटीत लिहून घेत. आता त्यांना ते वाक्य सापडेना. म्हणजे होतं, चौकटीत होतं, पण त्याच्यावर विश्वास ठेवायचा तर आतून कुणीतरी हुंकार द्यायला हवा होता, आणि आत पोट होतं, अकरा वर्षांपासून बंद पडलेल्या सूतगिरणीसारखं. तिथं रात्रंदिवस कुणीतरी सूत काढत होतं.

शनिवारी त्यांनी मेडिकलमधून नमुन्याच्या तीन डब्या घेतल्या. काँगो रेड नावाचा एक लाल रंग असतो. तो घालून माध्यम केलं की तंतू विणणारे जिवाणू लाल, कोरडे, सुरकुतलेले वाढतात आणि न विणणारे फिके राहतात. त्यासाठी सव्वीस-अठ्ठावीस अंश लागतात. परभणीत हे फक्त थंडीतच फुकट मिळतं, आणि जानेवारी होता. माणसांचे नमुने वापरायचे तर कॉलेजच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. बिरदेव सर त्या समितीचे सचिव होते. त्यांनी स्वतःला तोंडी परवानगी दिली. एक डबी स्वतःसाठी होती. दुसरी बापासाठी. तिसरी आईसाठी, कारण तुलनेला कुणीतरी निरोगी लागतं, आणि सत्तरीतली कासाबाई अजून बोअरवरून दोन घागरी डोक्यावर आणत होती. यातून काय सिद्ध होणार होतं? काहीच नाही. हे त्यांना माहीत होतं. विद्यार्थ्यानं असा प्रयोग मांडला असता तर त्यांनी तो दोन मिनिटांत मोडून काढला असता. पण त्या बाजूला बापाला तपासणाऱ्या नांदेडच्या मेंदूतज्ज्ञाचा फोन नंबर होता, आणि या बाजूला तीन प्लास्टिकच्या डब्या, आणि डब्या हलक्या होत्या.

रविवारी ते गंगाखेडला बस बदलून राणीसावरगावला, आपल्या गावी, उतरले. गावात त्यांना बघितलं की अजून कुणी ना कुणी बाजूला होई; हे आदरानं होतं की दुसऱ्या कशानं, हे अठरा वर्षांत त्यांनी तपासलं नव्हतं. अठरा वर्षांपूर्वी ते तरुण प्राध्यापक होते आणि बापाची शंभरावर मेंढरं होती. आंत्रविषार नावाच्या रोगानं पावसाळ्यात मेंढरं पटापट जातात; तोही आतड्यातल्या जिवाणूचाच उद्योग. सरांनी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस आणली, डॉक्टरबरोबर उभं राहून सगळ्या खांडाला, म्हणजे कळपाला, मांडीच्या आत टोचून घेतली, आणि जुन्या लोकांना बर्फाच्या डब्याचं महत्त्व समजावून सांगितलं. पंधरा दिवसांत मेंढरं लंगडायला लागली. मग बसायला लागली. मग सत्तावीस मेली. बाप भर चावडीत म्हणाला, मास्तरच्या सुईनं माझं खांड मारलं. उरलेलं त्यानं महिनाभरात विकून टाकलं आणि तेव्हापासून बापलेकांमधे हवापाणी, औषध आणि बसची वेळ एवढेच विषय राहिले. सरांनी त्या लसीचा बॅच नंबर, मुदत, तापमान सगळं वर्षभर शोधलं. सगळं बरोबर निघालं. आकडे बरोबर निघाले की माणूस निर्दोष ठरतो असं त्यांना तोवर वाटत असे.

येडबा, सरांचा बाप, ओट्यावर उन्हाला बसला होता. चेहऱ्यावर काही हलत नव्हतं. जे काय हलायचं ते उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात चाललेलं. अंगठा बोटावर फिरत होता, गोळी वळल्यासारखा. पुस्तकात या हालचालीला तसंच नाव आहे. गावाला पुस्तक नको होतं. गाव म्हणायचं, येडबा अजून लेंड्या बघायलाय. कारण रोज सकाळी वाड्यात बसून, मूठभर लेंड्या उचलून, एकेक अंगठ्यानं चुरून तो मेंढराची तब्येत सांगायचा. ओली किती, कोरडी किती, पाला कुठला खाल्ला. मग नाकापाशी न्यायचा. संध्याकाळी मेंढरू आडवं पाडून खूरही नाकापाशी न्यायचा. बिरदेव लहानपणी शेजारी बसे. नाकवाले सर हे पद घराण्यातलं होतं.

"बा, ही डबी," सर म्हणाले. "तपासायला पाहिजे. सकाळचं घ्यायचंय, थोडंसंच."

येडबानं डबी बघितली. गोळी वळणारी बोटं तिच्यावर टकटक वाजली. "आता माझ्या लेंड्या बगायच्या व्हय?"

"पोरीच्या प्रकल्पाला लागतंय."

"कोनत्या पोरीला लागतंय बाबा म्हाताऱ्याचं?" कासाबाई आतून म्हणाली. "शिकून शिकून हितं आलास का?"

"माय, तुझं पण पाहिजे."

"ईऽ! लाज हाय का न्हाई!" पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिची डबी ओट्याच्या कोपऱ्यात, बेशरमीच्या पानांनी झाकून, नीट ठेवलेली होती. येडबाला वेळ लागला. त्याचंही पोट गोळीशिवाय हलत नसे. साडेनवाला तो भिंत धरत आला आणि डबी पुढं केली. झाकण त्याच्या हातानं लागलं नव्हतं. अर्धं आट्यावर, अर्धं तिरपं. कासाबाईनं पदर नाकाला लावून तोंड फिरवलं. गल्लीतून जाणारी बाईसुद्धा लांबून वळली. बिरदेव सरांनी डबी घेतली, डोळ्यांपुढं धरली, झाकण काढलं, आट्याला लागलेलं कागदानं पुसलं, पुन्हा आत डोकावून बघितलं आणि मग सावकाश, जसं शिकवतात तसं, बंद केलं. वर बघितलं तर बाप त्यांच्याकडं बघत होता. तो चेहरा नऊ वर्षांपासून कशालाच हलला नव्हता. आताही हलला नाही. फक्त बोटं थांबली.

"तुला बी वास येईना व्हय रं?"

सर म्हणाले, "सर्दी आहे."

"मला बी सर्दीच हुती," येडबा म्हणाला. तो पुन्हा ओट्यावर बसला, आणि बसायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात कासाबाई आत निघून गेली. "खांड हुतं तवा. त्याच्या आदल्या सालापसूनच. खूर धरायचो, नाकाला लावायचो, काईच न्हाई. म्हनलं सर्दी. धनगराच्या नाकाला वास न्हाई असं सांगायचं कुनाला? लोक खताला मेंढरं शेतात बशिवतेत का मंग?"

सरांना ऐकू येत होतं, पण शब्द एकामागं एक येत होते, सगळे मिळून येत नव्हते.

"मेंढरं सुईनं लंगडत नव्हती रं. खुरं सडली हुती. आळ्या पडल्या हुत्या आतून. सडलेल्या खुराचा वास पोराला बी येतो. तुज्या मायला आला. ती म्हनली, आवं, खांडाला वास यायलाय. म्या म्हनलो, तुला काय कळतंय, पोरानं सुई मारलीय म्हून लंगडायलेत." बोटं पुन्हा सुरू झाली. "सत्तावीस."

यावर माणसानं काय करायचं असतं? सरांना राग यायला हवा होता आणि त्यांनी त्याला यायला जागाही करून दिली, पण त्याच्याऐवजी आला तो बॅच नंबर, अठरा वर्षांपूर्वीचा, सगळ्या आकड्यांसकट. मग आठवली ती संध्याकाळ. बाप मेंढराचं खूर नाकाशी धरून बसलेला, फार वेळ, आणि आपल्याला वाटलेलं की केवढा बारकाईनं बघतोय. "बा, मग तेव्हाच बोलायचं ना."

"बोललो असतो तर नाक गेलं असतं. न्हाई बोललो तर तू गेलास. मागून हात हलाय लागला. नांदेडच्या डाक्टरनं इचारलं, कवापसून तकलीफ हाय? म्या म्हनलो चार म्हैने. चार म्हैने हात हालायला हुता ना. नाकाचं त्यानं इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई. तू बाजूलाच हुतास."

होते. बाजूला होते, फाइल धरून, आणि 'चार महिने' हे त्यांनीच डॉक्टरला नीट मराठीत पुन्हा सांगितलं होतं.

परतीच्या बसमधे गंगाखेडपर्यंत त्यांच्या शेजारी कुणी टिकलं नाही. एक जण बसला, पिशवीकडं बघितलं आणि मागं जाऊन उभा राहिला. सरांना वाटलं, चला, वास आहे अजून जगात.

बुधवारी प्लेटा वाढल्या. आईची सगळ्यांत लाल होती. गर्द, कोरडी, सुरकुतलेली, पुस्तकात फोटो छापावा अशी. सत्तरीत दोन घागरी उचलणाऱ्या, अख्ख्या खांडाचा सडका वास सगळ्यांत आधी आलेल्या कासाबाईच्या आतड्यात कर्लीचा कारखाना बिनदिक्कत चालू होता. बापाची फिकी होती. सरांची त्या दोघांच्या मधली, लेकाची असावी तशी. तीन प्लेटा त्यांनी ओळीनं समोर मांडल्या. चौकटीतलं वाक्य आता पुन्हा दिसायला लागलं: माणसांत ठरलेलं नाही. त्यानं बरं वाटायला हवं होतं, पण पोटातला सूत काढणारा थांबला नाही. त्याला प्लेट दाखवून उपयोग नव्हता. एवढंच झालं की तपासण्यासारखं हातात काही उरलं नाही. त्यांनी प्लेटा निर्जंतुक करायला टाकल्या. वाफेबरोबर खोलीत काहीतरी पसरलं असणार, कारण दारात आलेल्या मुलींनी ओढण्या वर घेतल्या.

निकिता जर्नल घेऊन पुढं आली. मूल्यांकन समितीच्या लोकांना दाखवायला तिचाच प्रकल्प निवडला होता. "सर, एवढी सही." तक्ता पूर्ण होता. रंग लाल, कड वेडीवाकडी, चकाकी नाही, वास: ई. कोलायसारखा. खाली चाचण्या. ऑक्सिडेज: निगेटिव्ह. सरांनी पेन उघडलं आणि तसंच धरलं.

"ऑक्सिडेज काय आली होती?"

"निगेटिव्ह, सर."

"काय लिहिलीस ते दिसतंय. आली काय होती?"

निकितानं मागं मैत्रिणींकडं बघितलं. "जांभळी झाली होती पट्टी," ती हळू म्हणाली. "लगेचच. दहा सेकंदं पण नाही. दोनदा केली सर मी. मला वाटलं पट्ट्या जुन्या हायत... आणि तुमी वासावरनं सांगितलं होतं ना."

जांभळी पट्टी म्हणजे ई. कोलाय नव्हेच. सुडोमोनास असणार, द्राक्षं, जरा उतरलेली. बिचारीनं डोळ्यांनी बघितलं होतं, दोनदा बघितलं होतं, आणि आपल्या पट्टीला दोष दिला होता. खांडाला वास यायलाय, असं म्हणणाऱ्या बाईला पुढं कुणी काही विचारलं नव्हतं.

"पट्ट्या नव्या आहेत," सर म्हणाले. "मी दिवाळीनंतर मागवल्या. खोड ते."

"शाईनं लिहिलंय सर."

"शाईनंच खोड. आणि वरचा वासाचा रकाना पण." मग, नंतर हे सांगणं होणार नाही हे कळून, ते म्हणाले, "मला वास येत नाही."

मुली हसल्या. नाकवाल्या सरांचा विनोद होता तो. सर हसले नाहीत, म्हणून एकेक जण थांबली. सगळ्यांत शेवटी थांबलेलीला वाईट वाटलं. सरांनी पहिल्यांदाच आपल्या बोटांकडं बघितलं. बोटं टेबलावर होती. थांबलेली होती. आज तरी.

निकितानं 'ई. कोलायसारखा' यावर एक सरळ रेघ ओढली. तिला कुठल्याही गोष्टीत पुढचा प्रश्न काय विचारायचा हे सरांनीच शिकवलं होतं, आणि तिनं तो विचारला, पेन तसंच रकान्यावर ठेवून. "कधीपासून, सर?"

परवापासून, असं तोंडाशी आलं. गेल्या गुरुवारपासून; हे तर खरंही होतं, गुरुवारी कळलं. सरांनी ते गिळलं आणि मागं जायला लागले. फिनेल, साबण, जवसाची चटणी. दिवाळीत बबिता तळत होती आणि त्यांनी विचारलं होतं, आज काय करायलीस, आणि ती तळणीतून वर बघून म्हणाली होती, म्हणजे काय? त्याच्या आधी गणपतीत कापूर. त्याच्या आधी, उन्हाळ्यात, आंब्याची पेटी घरात आली होती आणि ती आल्याचं त्यांना दोन दिवसांनी पेटी दिसल्यावर कळलं होतं.

"मागच्या उन्हाळ्यापासून," ते म्हणाले. "कदाचित आधी. लिही."

निकिता गोंधळली. हे लिहायचं कुठं? तक्त्यात शिक्षकासाठी जागा नव्हती. मग तिनं खोडलेल्या रेघेच्या खाली, वासाच्याच रकान्यात, बारीक अक्षरात लिहिलं: 'सरांना येत नाही. मागच्या उन्हाळ्यापासून, कदाचित आधी.' आणि जर्नल फिरवून पुढं केलं, बरोबर आहे का बघायला.

सरांनी खिशातून फोन काढून त्या पानाचा फोटो घेतला. नांदेडच्या डॉक्टरला दाखवायला लागणार होता.

"तारीख टाक," ते म्हणाले.